गुरुजींचा उतारा चालतो, शाळा चालत नाही

आमच्या भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप एरवी वाढदिवस आणि दशक्रिया एवढ्यापुरताच जागा असतो. २०२३ च्या शेवटी तो रात्रंदिवस वाजायला लागला. कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली होती. कापूरहोळपासून कात्रजपर्यंत पसरलेल्या आमच्या सगळ्यांना मग एकाच वेळी पणजोबांचे वडील आठवले.

वंशावळ जुळवायचं काम माझा चुलतभाऊ करत होता, त्याला सगळे दादा म्हणतात. त्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा होता. तो मिळाला भाटघरच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीत, एका खोलीच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. माझे आजोबा तिथे गुरुजी होते. धाकट्या भावाला त्यांनी शिकायला सोबत नेलं होतं आणि त्याची नोंद स्वतःच्या हाताने केली होती. जन्मतारीख अर्थातच १ जून. (तुमच्या घरातही एखादा १ जूनवाला असेलच. आजोबांनी तर सख्ख्या भावालाही सोडलं नाही.)

त्या पानाचा फोटो ग्रुपवर आला आणि हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला. ‘आजोबांनी घराणं तारलं.’ ‘एका खोलीत चार इयत्ता शिकवायचे, असे गुरुजी आता होणे नाही.’

दाखला कुणाला मिळावा, हा माझा विषय नाही. माझा राग त्या दुसऱ्या वाक्यावर आहे.

एका खोलीत चार इयत्ता ही काही साधना नव्हती, ती टंचाई होती. आजोबा व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, पास होऊन लोकल बोर्डाच्या नोकरीत लागले. १९६२ ला जिल्हा परिषद आली, पाटी बदलली, पण खोली एकच राहिली आणि माणूसही एकच. पहिलीला पाढे घोकायला लावायचे, तोवर तिसरीला गणित, तोवर चौथीने शुद्धलेखन काढायचं. शिवाय शिरगणती, निवडणूक आणि मनीऑर्डरींची पत्रं. ते तालुक्याला मीटिंगला गेले की शाळा बंदच.

आत्या मात्र वेगळं सांगते. ‘बंद कुठली गं? आई बसायची ना वर्गात!’ आजी चौथी शिकलेली होती. गुरुजी नसले की ती बाराखडी घ्यायची. ओढ्याला पाणी आलं की पलीकडची पोरं तिच्याच चुलीपाशी जेवायची आणि तिथेच झोपायची. तिला ना पगार, ना मस्टरवर सही. दादाच्या फाइलीतल्या वंशावळीत पुरुषांच्या पाच पिढ्या आहेत. त्यात आजी नाही, आत्या नाही, मीही नाही. आमचं कापूरहोळ संभाजी महाराजांच्या दूधआई धाराऊ गाडे यांचं गाव. त्यांचं नाव आम्ही अभिमानाने सांगतो, रील टाकतो. घरातल्या बाईचं नाव मात्र झाडावर मावत नाही.

एका शिक्षकावर शाळा चालत नाही, हे सरकारला केव्हाच कळलं होतं. १९८७ ला खडू-फळा मोहीम आली ती प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक मिळावेत म्हणून. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक सांगितले आणि नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत. आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये काय झालं? वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा राज्यात १४ हजारांहून जास्त, त्यांतली मुलं सुमारे १ लाख ८५ हजार. नमुना म्हणून दाखवलं गेलं ते आमच्या शेजारच्या, तेव्हाच्या वेल्हे तालुक्यातलं पानशेत.

मोठी शाळा, प्रत्येक वर्गाला शिक्षक, न्यायला बस, याला कोण नाही म्हणेल? आजोबांनीही हात जोडले असते. पण बस आधी सुरू होऊ दे ना, कुलूप मग लावा. भर पावसात घाटरस्त्यावर बस बिघडली तर सहा वर्षांचं पोर किती दिवस घरी बसेल, आणि पोरगी असेल तर कायमचीच बसेल का? त्याच रजिस्टरात ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना आहे. मुलींच्या नावांपुढे आजोबांनी पुन्हा पुन्हा एकच लिहिलंय: घरकाम. घरापासून हाकेच्या अंतरावर शाळा असताना ही गत होती.

आता आमच्याबद्दलही बोलते. पट आपोआप पडत नाही. आमच्या घरातली मुलं पिवळ्या व्हॅनमध्ये बसून हायवेलगतच्या इंग्लिश मीडियमला जातात. माझ्या बाबांनी नोकरीसाठी पुणे गाठलं, मी कात्रजला शिकले. ज्याला निघता आलं तो निघाला. वाडीवरच्या शाळेत आज सात मुलं आहेत, धनगरांची आणि कातकऱ्यांची. त्यांच्या घरी व्हॅनचे पैसे नाहीत. आम्ही बाहेर पडून पट कमी केला आणि आता पट कमी म्हणून शाळा परवडत नाही, यावर आम्हीच माना डोलावतो. गुरुजींचं इतकं कौतुक करायचं की दुसरा शिक्षक मागायची गरजच वाटू नये, ही तर फारच सोयीची भक्ती झाली. अशाने खोली पवित्र होते आणि रिकामीही.

गेल्या महिन्यात मी ग्रुपवर लिहिलं: वाडीच्या ग्रामसभेत शाळा सुरू ठेवण्याचा आणि दुसरा शिक्षक मागण्याचा ठराव मांडायचाय. आजोबांच्या नावाने आपण दहाजण तरी जाऊ. ज्यांच्या फाइलीत तो उतारा लागलाय, त्यांनी तरी या.

चौतीस जणांनी मेसेज वाचला. सहा जणांनी हात जोडले. आत्या म्हणाली, गुडघे धड नाहीत पण गाडीतून नेशील तर येते.

आणि दादाने विचारलं, ‘शाळा बंद झाली तर ते ओरिजिनल रजिस्टर कुठे जमा होईल गं?’