एक्कावन्न की एकसष्ट?

वर्षभर या सदरात आम्ही मिक्सरची भांडी, पंख्याची कुरकुर आणि गळके नळ यांची गाऱ्हाणी ऐकत असतो. दिवाळी अंकासाठी मात्र एक निराळे पत्र मुद्दाम राखून ठेवले होते. पत्र ठाण्याच्या एका वाचक भगिनींचे आहे. गेल्या वर्षी त्यांचे सासरे वारले. त्यांचे कपाट आवरताना खालच्या खणात पार्कर कंपनीची दोन जुनी फाउंटनपेने निघाली. एक ‘५१’ आणि दुसरे ‘६१’. ५१ त्यांना नोकरीला लागताना वडिलांनी दिलेले आणि त्यांनी हयातभर वापरलेले. ६१ त्यांच्या लग्नात, म्हणजे १९६५ साली, सासुरवाडीकडून मिळालेले. त्याच्या नळीवर त्यांचे संपूर्ण नाव कोरलेले आहे, आणि ते फारसे वापरलेले दिसत नाही.

भगिनींची मुलगी यंदा कायद्याच्या पहिल्या वर्षाला गेली. तिला आजोबांच्या पेनाने लिहायचे आहे. इकडे वन्संचा फोन आला, “वहिनी, बाबांचे कुठले तरी एक पेन मला ठेव. कुठले ते तूच ठरव.” आता भगिनी विचारतात, की दोहोंतले चांगले पेन कोणते, आणि कोणते कोणाला द्यावे?

‘कुठलेही चालेल’ या वाक्याइतके अवघड वाक्य मराठी घरात दुसरे नाही, हे विवाहित वाचकांना सांगायला नको. म्हणून प्रश्नाचा पहिला भाग आधी घेऊ. तो पेनांचा आहे, माणसांचा नाही. त्यामुळे तो सुटण्याजोगा आहे.

दोन्ही आकडे एकाने संपणारे आहेत. आपल्याकडे एक्कावन्न हा आहेराचा आकडा. पाकिटावर वरचा रुपया चिकटवल्याशिवाय आपले समाधान होत नाही. पार्करच्या एक्कावन्नला मात्र आहेराशी कर्तव्य नव्हते. कंपनी १८८८ सालची. तिच्या एक्कावन्नाव्या वर्षी, म्हणजे १९३९ मध्ये, हे पेन तयार झाले, म्हणून नाव ५१. आकड्याचे भाषांतर करावे लागत नाही, जगाच्या पाठीवर कुठेही तो तसाच वाचता येतो, ही त्यातली व्यापारी सोय. बाजारात ते आले १९४१ साली.

त्या काळच्या इतर पेनांची निब उघडी, पानासारखी पसरलेली असे. ५१ ची निब टोपीखाली लपवलेल्या नाकासारखी. नुसते टोक बाहेर डोकावते. ही केवळ नटवेगिरी नव्हती. कंपनीला कागदावर पटकन वाळणारी शाई चालवायची होती, आणि पटकन वाळणारी शाई निबवरही पटकनच वाळणार. म्हणून निबेला डोक्यावर छप्पर दिले. त्या छपराखाली बारीक बारीक खाचांचा एक दट्ट्या असतो. नळीतली हवा उन्हाने किंवा हाताच्या उबेने फुगली, की जास्तीची शाई त्या खाचांमध्ये अडकून राहते. सदऱ्याच्या खिशावर उतरत नाही. ज्यांनी शाळेत खिशावर निळा नकाशा मिरवला आहे, त्यांना या खाचांचे मोल कळेल. त्या तिखट शाईने साधे प्लॅस्टिक खराब होऊ नये म्हणून नळी ल्युसाइट नावाच्या टणक पदार्थाची केली. ती इतकी टिकाऊ निघाली, की साठ-सत्तर वर्षांची पेने आजही हातात नवी वाटतात.

५१ मध्ये शाई भरण्याचे दोन प्रकार आहेत, आणि आपल्याकडचे कोणते हे पाहणे महत्त्वाचे. पेनाच्या शेपटाकडचे छोटे टोपण फिरवून निघत असेल आणि आत दाबायचा दांडा असेल, तर ते १९४८ च्या आधीच्या घडणीचे. त्यातला रबरी पडदा एव्हाना गेलेलाच असणार. तो जाणकाराकडून बदलून घ्यावा लागतो. उलट सबंध नळीच फिरवून निघत असेल आणि आत धातूच्या वेष्टणाला दाबपट्टी असेल, तर ते १९४८ नंतरचे. निब शाईत बुडवायची, पट्टी चारसहा वेळा दाबायची, काम झाले. या पिशवीला रबर नव्हे, दुसराच एक पारदर्शक पदार्थ वापरला होता. तो सहसा कुजत नाही. भगिनींनी पत्रात ‘आत एक पट्टी आहे’ असे लिहिले आहे. तेव्हा त्यांचे पेन दुसऱ्या जातीचे, आणि त्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकायला हरकत नाही.

आता ६१ कडे वळू. हे १९५६ साली आले, आणि आमच्या मते फाउंटनपेनाच्या इतिहासात याच्याइतकी बुद्धिमान कल्पना क्वचितच कोणाला सुचली असेल. यात दांडा नाही, पट्टी नाही, पिशवी नाही; हलणारा एकही भाग नाही. नळी काढायची आणि पेनाची निब नव्हे, तर मागचे टोक दौतीत उभे करायचे. दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तशी आतली पातळ पदराची गुंडाळी शाई आपोआप वर ओढून घेते. बाहेरून टेफ्लॉनचा थर असल्यामुळे शाई त्याला चिकटत नाही. टोक कोरडेच बाहेर येते. बोटे निळी होत नाहीत आणि टीपकागद शोधावा लागत नाही. शिवाय निबेच्या छपरावर धातूचा एक चिमुकला बाण बसवलेला असतो. निब झाकलेली असल्याने पेन सरळ धरले की तिरके, हे नवख्याला कळत नाही. बाण ते सांगतो. ५१ ला ही सोय नाही, त्यामुळे नवखा माणूस ते कलते धरतो आणि ‘खरखरते’ म्हणून नावे ठेवतो.

पण ज्या गुंडाळीने शाई वर ओढली, तीच शाई सोडायला तयार नसते. पेन महिनाभर पडून राहिले, की आतले पाणी उडून जाते आणि रंगाचा गाळ पदरापदरात बसतो. पुन्हा भरले, पुन्हा वाळले, पुन्हा गाळ. दरवेळी पेन थोडी कमी शाई घेते, आणि शेवटी काहीच घेत नाही. धुवावे म्हटले तर दाबायला पट्टीही नाही. सासरे या पेनाविषयी म्हणत, “शहाणे आहे, पण हट्टी आहे,” असे भगिनींनी लिहिले आहे. कारखान्याच्या इंजिनियरांनाही हे लवकरच उमगले असावे, कारण साठीच्या दशकाच्या अखेरीस कंपनीने ही वातीची युक्ती सोडून ६१ मध्ये साधी कार्ट्रिज बसवली. छपरावरचा बाण गळून पडतो हेही याचे नेहमीचे दुखणे, आणि प्लॅस्टिकही ५१ इतके चिवट नाही. त्याला चिरा जातात. दोन्ही पेने आता कारखान्यातून येत नाहीत. ५१ ची मूळ घडण १९७२ च्या सुमारास थांबली. ६१ त्यानंतर काही वर्षे इंग्लंडमध्ये निघत राहिले. २०२१ साली ५१ हे नाव घेऊन एक नवे पेन आले. पण त्याचे टोपण आट्यांचे, आत कार्ट्रिज. नाव आजोबांचे आणि नाक दुसऱ्याचे, असा तो प्रकार.

तेव्हा लिहिण्यासाठी कोणते, याचे उत्तर आम्ही आढेवेढे न घेता देतो. ५१. रोज वर्गात टिपणे घ्यायची, तीन तासांचा पेपर लिहायचा, रिक्षात पेन पर्समध्ये टाकायचे, सुट्टीत विसरायचे आणि पुन्हा उचलायचे, हे सारे ५१ सोसेल. ६१ रुसेल.

वापरण्यापूर्वी मुलीने एवढे करावे. साध्या, गार पाण्यात निब बुडवून पट्टी दाबावी आणि सोडावी, पाणी स्वच्छ येईपर्यंत. एका दिवसात नाही आले तर रात्रभर निब पाण्यात ठेवावी. गरम पाणी नको, आणि स्पिरिट तर मुळीच नको. ल्युसाइटला स्पिरिटने तडे जातात. फाउंटनपेनासाठीची साधी निळी शाई वापरावी, चित्रकलेची काळी शाई कधीही नाही. पेपराच्या आदल्या रात्री पेन भरावे, कारण किती शाई उरली हे बाहेरून दिसत नाही, आणि दुसरे एखादे पेन सोबत ठेवावे. टोपणाची पकड सैल झाली आहे का तेही बघावे. या टोपणाला आटे नाहीत. आतल्या धातूच्या बोटांनी ते धरलेले असते. पकड गेली की पेन गर्दीत घसरते आणि खिशाला नुसते टोपण लटकत राहते. लोकलच्या प्रवाशांनी हे दृश्य एके काळी पुष्कळ पाहिले आहे.

निब आजोबांच्या हाताच्या कोनात झिजलेली असेल. पहिले चार दिवस ती मुलीच्या हाताला अडेल. तिने पेन बोटांत किंचित फिरवत जावे. एका जागी ते एकदम गुळगुळीत चालू लागेल. तोच आजोबांचा कोन. निब घासून ‘सरळ’ करून देतो म्हणणाऱ्या दुरुस्तीवाल्याला नमस्कार करून घरी यावे.

राहिले ६१, आणि राहिल्या वन्सं. भगिनींच्या मनात अशी शंका दिसते, की चांगले चालणारे पेन आपण ठेवून घेतले आणि अडणारे नणंदेला दिले, असे होईल. शंका घेणाऱ्याचे मन चांगले आहे, पण हिशेब आम्हांला वेगळा दिसतो. वन्संना पेन लिहायला हवे असते, तर त्यांनी ‘कुठले चालते ग?’ असे विचारले असते. त्यांनी बाबांचे पेन मागितले आहे. १९६५ साली परदेशी पेन मिळवणे ही गंमत नव्हती. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाली आणि बाहेरच्या मालावर कडक निर्बंध आले. कोणी बोटीने किंवा विमानाने आले तरच असली चीज घरात येई. जावयासाठी ते पेन मिळवताना वन्संच्या आजोळच्या मंडळींनी काय खटपट केली असेल, ते त्यांच्या आईने त्यांना नक्की सांगितलेले असणार. म्हणजे ६१ हे वडिलांचे पेन आहे आणि आईच्या माहेरचेही.

आणि त्यावर नाव आहे. नातीचे आडनाव तिच्या प्रत्येक उत्तरपत्रिकेवर, कॉलेजच्या ओळखपत्रावर आहेच. वन्संचे माहेरचे नाव आता जुन्या प्रमाणपत्रांखेरीज बहुधा कुठेच नसेल. तेव्हा कोरलेले पेन त्यांच्याकडे जावे, असे आम्हांला वाटते. मात्र आधी त्यांना फोन करून दोन्ही पेनांविषयी सगळे मोकळेपणी सांगावे. ६१ अडते, हेही. त्या ‘मला ५१च हवे’ म्हणाल्या तर मुलीला समजावावे. मुलीचा तो निम्मा हक्क आहे, वन्संचा पुरा.

भाऊबीज जवळ आली आहे. भावाने पेन तबकात घालायला हरकत नाही. अर्थात ओवाळणीबरोबर, ओवाळणीऐवजी नव्हे. त्यापूर्वी ६१ चे मागचे टोक पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवावे, रोज पाणी बदलावे, आणि मधूनमधून निबेचे टोक टीपकागदावर टेकवून आतले निळे पाणी उतरू द्यावे. याला आठवडा लागेल, कदाचित तीन. पाणी रंगहीन झाले की कोरडे करून, शाई न भरता द्यावे. आणि चकाकी आणण्यासाठी कोणाच्या यंत्रावर घासून घेऊ नये. पहिल्यांदा पुसले जाते ते कोरलेले नाव.