गिधाडे संपली, मेलेले ढोर कोणी उचलायचे?

गिधाड हा शब्द आपण शिवी म्हणून वापरतो. परंतु हा पक्षी नाहीसा झाल्यामुळे या देशात सुमारे पाच लाख माणसे मेली, असे कोणी सांगितले तर? एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात नेमके हेच मांडले आहे. गिधाडांना राहण्याजोगे जिल्हे आणि तसे नसलेले जिल्हे यांची त्यांनी तुलना केली. गिधाडे संपल्यावर पहिल्या जिल्ह्यांत मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांहून अधिक वाढले. पाच लाखांचा आकडा २००० ते २००५ या काळातील जादा मृत्यूंचा आहे.

गिधाडे संपली कशी? डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध १९९० च्या दशकात स्वस्त झाले आणि गुरांना सर्रास टोचले जाऊ लागले. असे ढोर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ साली सिद्ध झाले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. सडक्या मांसातील घातक जंतू मारणारे जठर उत्क्रांतीने या पक्ष्याला दिले. पण माणसाच्या औषधापुढे त्याचा इलाज चालला नाही. वर्षाला एकच अंडे घालणारा पक्षी ही तूट लवकर भरून काढू शकत नाही. ढोरे उघड्यावर सडू लागली, पाणी बिघडले, मोकाट कुत्री आणि रेबीजचा धोका वाढला.

हे संशोधन मोलाचेच आहे. पण आमचा एक प्रश्न आहे. गिधाडांच्या आधी त्या ढोरापर्यंत कोण पोहोचत होते? ते गावाबाहेर ओढून नेणारा, त्याचे कातडे सोलणारा माणूस! उरलेले धड गिधाडांचा थवा तासाभरात साफ करी. म्हणजे गावाचे आरोग्य राखणारे दोघे होते. एकाला निसर्गाने नेमले, दुसऱ्याला जातीने जुंपले. गिधाड गेल्याने वर्षाला सुमारे ६९ अब्ज डॉलरचे नुकसान झाले, असा हिशेब निघाला. त्या माणसाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बेगारीचा हिशेब कोणी काढला?

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याची हाक दिली. माझ्या आजोबांच्या पिढीने ढोरे ओढणे बंद केले आणि त्यापायी गावाचा बहिष्कार सोसला. ते काम बंद झाले म्हणून गाव आजारी पडेल, याची चिंता त्यांनी करायची नव्हती. ती गावाने करायला हवी होती. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना भररस्त्यात मारहाण झाली. तेव्हा तिथल्या बांधवांनी सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर मेलेली जनावरे नेऊन टाकली. तो प्रश्न योग्य दारात टाकला गेला होता.

आता गिधाडे वाचवण्यासाठी प्रयत्न होत आहेत. गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ साली, तर असेक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवर २०२३ साली बंदी आली. काही ठिकाणी गिधाडांसाठी मेलेली जनावरे मुद्दाम ठेवली जातात. या सर्वांना आमचा पाठिंबाच आहे. पण ती जनावरे तिथवर कोण वाहून नेणार? २०१३ चा हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा मानवी मैल्यापुरता आहे. मेलेले जनावर उचलणारा त्यात बसत नाही. कायद्याच्या या फटीतून जुनी वेठ मागच्या दाराने पुन्हा आत येऊ शकते.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. संविधानाच्या अकराव्या आणि बाराव्या अनुसूचीत आरोग्य व स्वच्छता हे पंचायती व नगरपालिकांचे विषय आहेत. मेलेली जनावरे उचलण्यासाठी त्यांनी गाडी, यंत्र, हातमोजे, लस आणि पूर्ण पगार द्यावा, आणि भरती सर्व जातींतून करावी. औषधबंदी कागदावर न राहता औषधांच्या दुकानात दिसावी.

राजगीरला गृध्रकूट नावाची टेकडी आहे. गिधाडांच्या नावाच्या त्या टेकडीवर तथागतांनी धम्म सांगितला. गिधाडांना आकाश परत मिळालेच पाहिजे. मात्र त्यांचे अडलेले काम आमच्या पोरांच्या खांद्यावर टाकून नव्हे!