तळघरातली बारा वर्षे

विनोदी चित्रपट कोणाला हसतो, यावरून त्याची जात ठरते. युसो लाटिओ आणि युक्का विदग्रेन यांचा ‘हेवी रेइस्सू’ हा २०१८चा फिनलंडचा चित्रपट या कसोटीला उतरतो. खेड्यातले चार मित्र १२ वर्षे तळघरात कर्णकर्कश ‘मेटल’ संगीताचा सराव करतात. कार्यक्रम मात्र एकही नाही. केस लांब, म्हणून गावाच्या टिंगलीचा विषय. नॉर्वेतल्या महोत्सवाचे आमंत्रण आल्याची आवई उठते आणि तेच गाव त्यांना डोक्यावर घेते. खरे कळताच तितक्याच जोराने खाली आपटते. मधेच ड्रम वाजवणारा मित्र अपघातात जातो. त्याची शवपेटी गाडीत घालून मंडळी आमंत्रणाविनाच सीमेकडे निघतात!

त्यांच्या वेडापेक्षा गावाच्या शहाणपणाचेच अधिक हसू येते. आपल्या घरांत वेगळे काय घडते? तबला शिकणाऱ्या मुलाला पाहुणे पहिला प्रश्न विचारतात, ‘कार्यक्रम कधी?’ रियाजाचे मोल आपण टाळ्यांत मोजतो. या चौघांची मैत्री टिकली ती सरावामुळे. टाळ्या तर कोणी वाजवल्याच नव्हत्या. मुलाच्या खोलीतला आवाज सोसवेना, तर दार खुशाल लोटून घ्यावे. ‘याचा उपयोग काय?’ एवढे मात्र विचारू नये.