फोटो काढा, पण लांबून



उसात सापडलेल्या बिबट्याच्या पिल्लांचे मोबाईलवर फोटो काढले तर बिघडलं काय, असं विचारणारं पत्र वाचलं. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते ही समजूत खोटी, हे पत्रलेखकांचं म्हणणं बरोबर आहे. जुन्नरकडे वनखातं हाताळलेली पिल्लं क्रेटमध्ये घालून, जिथं सापडली त्याच सरीजवळ संध्याकाळी ठेवतं. रात्री मादी येते, क्रेट पाडते, मानगूट धरून एकेक पिल्लू नेते. फोटो तिथंही निघतात. पण झाडाला बांधलेला कॅमेरा काढतो, माणूस नव्हे.

अडचण हाताची नाही, गर्दीची आहे. आमच्या बिद्री भागात ऊसतोड सुरू झाली, की फडात काही दिसल्याची नुसती आवई उठायचा अवकाश. बांधावर मोटरसायकलींची रांग लागते. मादी शेजारच्या न तुटलेल्या उसात दबून असेल, तर माणसं हटेपर्यंत ती बाहेर कशी येणार? दाजीपूरच्या वाटेवर गव्याची मादी तांबूस वासरू मागं घालून फुसकारते, तेव्हाही मंडळी गाडीची काच खाली करतात!

आणि हे अडाण्यांचं काम म्हणावं, तर ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघिणीला पाच बछड्यांसह सफारीच्या गाड्यांनीच कोंडलं होतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत गाईडही होते.

– एक ऊस उत्पादक, बिद्री (ता. कागल)