तारा कोणी धरला?

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातील छायाचित्र स्पर्धेत मी परीक्षक होतो. एका विद्यार्थ्याने देवयानी दीर्घिकेचे छायाचित्र दिले होते. ते देखणे होते याबद्दल आम्हा तिघांत दुमत नव्हते. तरीही ते बाद ठरले. दुर्बीण संगणकाने फिरवली, तारा संगणकाने धरला, मग मुलाने काय केले, असा प्रश्न बैठकीत निघाला. तो विचारणारा मीच होतो. सर्जनशीलतेवर वर्गात वीस वर्षे बोलत आलेल्या माणसाला आपण काही मार्मिक बोललो असेच तेव्हा वाटले. तो निर्णय चुकला, असे आज माझे मत आहे.

पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते. (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या मराठीत सहज वावरणारा हा शब्द त्या मुलाला ठाऊक नव्हता. तो ‘आर्कसेकंद’ म्हणत होता. दोष अर्थात आमच्याकडे जातो.) दुर्बीण ज्यावर बसते ते माउंट तिला त्याच गतीने आकाशामागे फिरवते. पण त्यातील दातेरी चक्रे थोडीफार सदोष असतातच. आठ-दहा मिनिटांच्या प्रत्येक फेऱ्यात दुर्बीण किंचित पुढे जाते, किंचित मागे रेंगाळते. मध्यम किमतीच्या माउंटमध्ये हा फरक वीस-तीस विकलांचाही असू शकतो, आणि छायाचित्रातील एक ठिपका असतो जेमतेम दीड-दोन विकलांचा. तीन मिनिटांच्या छायाचित्रात ताऱ्याची अळी व्हायला एवढे पुरे. म्हणून मुख्य दुर्बिणीवर एक छोटी दुर्बीण आणि दुसरा कॅमेरा चढवतात. तो जवळपासचा एखादा निनावी तारा दर दोन-तीन सेकंदांनी टिपतो, संगणक त्याचा मध्यबिंदू मोजतो आणि तारा ढळला की मोटरला हलकासा धक्का देतो. हेच ऑटोगायडिंग. त्यासाठीच्या एका लोकप्रिय मोफत प्रणालीचे नाव ‘पीएचडी’ आहे. आमच्या व्यवसायबंधूंनी हुरळून जाऊ नये. त्याचा विस्तार ‘पुश हिअर, डमी’, म्हणजे ‘इथे दाब, ठोंब्या’ असा आहे.

पूर्वी हे काम माणूस करी. शाळा लवकर सुटलेला, खेचरे हाकणारा आणि पुढे वेधशाळेत झाडलोट करणारा मिल्टन ह्युमसन माउंट विल्सनच्या थंडीत नेत्रिकेतील तंतूंच्या छेदावर तासन्‌तास तारा धरून बसे. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे ज्या बदलत्या ताऱ्यावरून ठरले, तो हबलला १९२३ च्या ऑक्टोबरात सापडला तोही अशाच जागरणांतून घेतलेल्या काचेवर. परीक्षकांच्या बैठकीत मी ‘तपश्चर्या’ हा शब्द वापरला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर असेच कोणीतरी असावे. मात्र तो शब्द वापरताना मी स्वतः एकही रात्र दुर्बिणीपाशी काढलेली नव्हती.

ती गेल्या डिसेंबरात, अमावास्येच्या आसपास काढली, जुन्नरच्या बाजूला त्या मुलाच्या मामाच्या शेतावर. पहिला तासभर माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाशी जुळवण्यात गेला. ध्रुवतारा नेमका त्या ध्रुवावर नाही. तो पूर्ण चंद्राच्या रुंदीहून थोडा अधिक बाजूला आहे आणि त्याभोवती फिरतो. अढळपदाचे रूपक वर्गात इतकी वर्षे उलगडून सांगणाऱ्या मला हे कॉलर वर करून थंडीत कुडकुडताना कळले. मग संगणकाला शिकवणे आले. तारा मुद्दाम चारी दिशांना ढकलायचा, म्हणजे किती धक्क्याने तो किती हलतो हे त्याला समजते. एक लोंबती वायर दुर्बिणीला ओढत होती. ती त्याने रुमालाने बांधली.

पडद्यावर ताऱ्याच्या ढळण्याचा आलेख उमटू लागला. रेघ करवतीसारखी होती. मी म्हणालो, “दुरुस्ती वाढव ना.”

“सर, तारा नाही हलत, हवा हलतेय. तिच्या मागे लागलो तर माउंटच थरथरायला लागेल.”

त्याने दुरुस्तीचा जोर उलट कमी केला, टिपण्याचा अवधी दोनावरून चार सेकंद केला. लहान थरथर तशीच राहू दिली. काही मिनिटांत रेघ निवळली. कोणते ढळणे यंत्राचे आणि कोणते हवेचे, हे त्या रात्री त्या मुलाने ठरवले. प्रणालीने फक्त आकडे दिले. निबंधांच्या वह्यांत दर ओळीला लाल शाई ओतणाऱ्या मला ते पाहून जरा अवघडल्यासारखे झाले, हेही सांगून टाकतो.

ह्युमसनच्या गोठलेल्या बोटांची जागा या रात्रीला घेता येणार नाही, हे मान्य. ते शरीराचे कष्ट गेले. पण त्या कष्टांनाच कला मानण्याची आमची सवय तपासायला हवी. मध्यरात्री देवयानी पश्चिमेला कलल्यावर त्याने पन्नास छायाचित्रे एकेक मोठी करून पाहिली आणि अकरा टाकून दिली. मला ती सर्व सारखीच दिसत होती. “याच्या ताऱ्यांना शेपूट आहे, सर,” तो म्हणाला. तिसऱ्यांदा दाखवल्यावर मला ते शेपूट दिसले.

आमच्या स्पर्धेच्या नियमावलीत आता ‘संगणकाच्या साहाय्याने काढलेली छायाचित्रे ग्राह्य नाहीत’ असे वाक्य आले आहे, आणि त्याला माझीच ती टिप्पणी कारण झाली. ते वगळावे असे पत्र मी दिले आहे. मुलगा मात्र यंदा पदवी घेऊन महाविद्यालयातून गेला.