जुन्या स्टाईलचा माईक: फोटोसाठी आणा, पण कानाने निवडा



साउंड भाड्याने देण्याच्या धंद्यात नव्याने उतरणारी मुलं मला हमखास विचारतात, "सर, जुन्या फोटोंत असतो तसा चकाकता जाळीवाला माईक घेऊ का? कस्टमर खूश होतो."

माझं उत्तर: घ्या. पण पहिला माईक म्हणून नको, आणि नुसता फोटो बघून तर अजिबात नको.

हे मी पैसे घालवून शिकलोय. सुरुवातीला असाच एक स्वस्तातला नकली माईक आणला होता. एकसष्ठीच्या कार्यक्रमात जुन्या गाण्यांची सुपारी होती. गायिकेचा आवाज मऊ. मी आवाज वाढवला की माईक शिट्टी मारायचा. तिसऱ्या गाण्याला तो काढून पेटीतला साधा माईक लावावा लागला. यजमान काका ओरडले नाहीत. पाकिटात दोन हजार कमी निघाले आणि पुन्हा त्यांचा फोन आला नाही. दोन हजार भरून निघाले, ते घर गेलं ते गेलंच.

गंमत बघा. या माईकचा मूळ चेहरा म्हणजे अमेरिकेतल्या शुअर कंपनीचा 55 युनिडाइन, 1939 सालचा. एकाच कॅप्सूलवर एका दिशेचा आवाज घेणारा तो पहिला डायनॅमिक माईक. पुढे एल्विस प्रेस्लीमुळे लोक त्याला 'एल्विस माईक' म्हणू लागले. म्हणजे ज्या रूपाला आपण भुलतो, त्यामागे मुळात काम होतं: समोरचा आवाज घ्यायचा, बाकीचा टाळायचा. नकली माईक नेमकं तेवढंच विसरतो.

आज त्याच रूपात शुअरचे दोन माईक आहेत. 55एसएच सिरीज टू हा कार्डिओइड, त्याला चालू-बंदचं बटण आहे. सुपर 55 हा सुपरकार्डिओइड, त्याला बटण नाही. फरक स्टेजवर कळतो. कार्डिओइड बरोबर पाठीमागून सर्वांत कमी आवाज घेतो, म्हणून मॉनिटर गायकाच्या अगदी समोर ठेवला तरी चालतो. सुपरकार्डिओइड थेट मागून थोडा आवाज घेतो, त्यामुळे मॉनिटर जरा बाजूला, तिरका ठेवायचा. हे माहीत नसेल तर महागडा माईकही शिट्टी मारेल.

दुसरी गोष्ट, हा माईक स्टँडवरचा आहे. हातात घेऊन प्रेक्षकांत फिरणाऱ्या गायकाला तो देऊ नका. एका जागी उभं राहून गाणाऱ्याला शोभतो.

विकत घेताना दुकानात एसएम 58 शेजारी लावा. 1966 पासून स्टेजवर टिकलेला माईक आहे, तुलनेला उत्तम. दोन्हींवर तेच गाणं, तेवढ्याच अंतरावरून गा. हळूहळू आवाज वाढवा. कोण आधी शिट्टी मारतो ते बघा. दुकानदार "लावून बघता येणार नाही" म्हणाला, तर नमस्कार करून बाहेर पडा.

आता हिशोब. समजा माईक 20 हजारांना पडला. 'रेट्रो स्टेज' म्हणून तुम्ही प्रत्येक सुपारीला 500 रुपये जास्त घेतले, तर पैसे सुटायला 40 कार्यक्रम लागतील. वर्षाला तुमच्याकडे जुन्या गाण्यांचे असे दहाच कार्यक्रम असतील, तर चार वर्षं. मग आधी दोन चांगले साधे माईक, दणकट स्टँड आणि भरवशाच्या केबल घ्या. उरलेल्या पैशांतून हा घ्या.

काही जण म्हणतात, लोकांना आवाजातलं काय कळतं, दिसलं की झालं. मला हे पटत नाही. पाहुणा फोटो काढून घरी जातो. पैसे देणाऱ्याला मात्र शिट्टी लक्षात राहते, आणि पुढची सुपारी तोच देतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर वहीत तुमच्या गेल्या वर्षीच्या सुपाऱ्या मोजा, मगच दुकानात जा.