फाइल कशात उघडावी?

संगणकावर नवी आवृत्ती चढवली की पीडीएफ फाइल कधी कधी नेहमीच्या प्रणालीऐवजी ब्राउझरमध्ये उघडू लागते. बाब क्षुल्लक भासते. परंतु माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 5 ने मान्यता दिलेली डिजिटल स्वाक्षरी तेथे पडताळली जाईलच असे नाही. मग वैध दाखला घेऊन आलेला नागरिकही परत पाठविला जाऊ शकतो.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट अ‍ॅप्स’ येथे ही जोडणी पूर्ववत करता येते. मात्र हे काम एकेका लिपिकावर सोपवू नये. एका संगणकावरील योग्य जोडणी ‘डिसम’ आज्ञेने एक्सएमएल फाइलमध्ये उतरवून ग्रुप पॉलिसीद्वारे कार्यालयीन डोमेनमधील सर्व संगणकांना लावता येते. ती दर लॉगिनला पुन्हा लागू होते.

हा निर्णय कार्यालयाचा असावा, विक्रेत्याचा नव्हे.